एका कोयत्याला एक सही

गायसमुद्रे बाईंना कामावरून काढलं, तेव्हा पुण्याच्या ऑफिसनं आम्हाला कारण सांगितलं: बाईंचा स्वभाव. कामाबद्दल काही तक्रार नाही म्हणे, पण स्वभावामुळे टीमला त्रास होतो. टीम म्हणजे आम्ही. आम्हाला कुणी विचारलं नव्हतं. त्रास व्हायचा, खोटं कशाला बोलू, रोज व्हायचा. पण तो त्रास परस्पर उचलून कुणी बाईंच्या विरुद्ध वापरावा, असं मी कुणालाही सांगितलं नव्हतं. तेव्हा आता त्या स्वभावाबद्दल मीच लिहिते.

घरोघरी जाऊन माणसांना प्रश्न विचारायचे, उत्तरं टॅबमध्ये भरायची आणि पुण्याला पाठवायची, हा आमच्या संस्थेचा धंदा. संस्था त्याला धंदा म्हणत नाही, अभ्यास म्हणते. बीडला बसस्टँडमागे एका कोचिंग क्लासच्या वरच्या मजल्यावर आमच्या दोन खोल्या होत्या. खाली पोरं दिवसभर सूत्रं पाठ करायची आणि वर प्रमिला गायसमुद्रे आमच्यावर ओरडायच्या. त्या सुपरवायझर होत्या. पन्नाशीच्या, बुटक्या, साडीला जागोजागी पिना लावलेल्या, खांद्याला पुरुषी काळी छत्री. ती छत्री पावसासाठी नव्हती, उन्हासाठी होती, आणि क्वचित कुत्र्यांसाठी. मूळच्या केजकडच्या. समाजकार्याची पदवी घेतलेली, वाचन दांडगं, आणि माहेरची भाषा जिभेवर तशीच. मात्र वरच्या साहेबांवर रागावल्या की त्यांचं मराठी एकदम शुद्ध व्हायचं. फोनवर त्या "आपण असे म्हणत आहात का?" असं म्हणाल्या की आम्ही हळूच बाहेरच्या खोलीत जाऊन बसायचो.

दुसरी एक सवय होती. त्या विचारल्याशिवाय काही करायच्या नाहीत. फोन केला की आधी, "आत्ता बोलायला वेळ हाय का?" सख्ख्या बहिणीलासुद्धा. कुणाच्याही दारात, "आत येऊ का?" आणि आत गेल्यावर, "हितं बसू का?" एकदा एका बाईनं कंटाळून म्हटलं, "बसा की हो, बाजेला काय इचारता!" रागवायला मात्र बाईंनी कधी कुणाची परवानगी घेतली नाही.

माझी आणि त्यांची ओळख झाली ती प्रशिक्षणात. मी सिरसाळ्याची, सासर बीडचं, नोकरी पहिलीच. पहिल्या दिवशी बाईंनी मला उभं केलं. हॉलमध्ये पंधरा-वीस मुलंमुली.

"नाव काय?"

सांगितलं.

"लग्न झालंय?"

"हो."

"मूलबाळ?"

"नाही अजून."

"का बरं? दवाखाना वगैरे चालू हाय का?"

मी सांगितलं. कुठला डॉक्टर, कसल्या गोळ्या, सासूबाई काय म्हणतात, सगळं सांगितलं. मागच्या बाकावर पोरं मान खाली घालून ऐकत होती. माझं बोलून झाल्यावर बाई म्हणाल्या, "मला कावून सांगितलंस हे?"

"तुम्ही विचारलं म्हणून."

"मी कोण तुझी? काल तू मला ओळखत न्हवतीस. मी खुर्चीवर बसले, गळ्यात ओळखपत्र घातलं, आवाज वाढवला आन् तू पोटातलं समदं काढून ठिवलंस. आता उद्या तुमी गावात जाणार. गळ्यात ओळखपत्र, हातात टॅब. तिथं बायका तुमाला असंच सांगणार. त्यांना सांगायचं हाय म्हणून न्हाई. न्हाई म्हणता येतं हे त्यांना कुणी सांगितलेलंच न्हाई म्हणून."

मला रडू आलं. जेवणाच्या सुट्टीत बाईंनी मला जिन्यात गाठलं. "चुकलं माझं," म्हणाल्या. "लोकांसमोर करायला नको होतं. पण मला दुसरं येत न्हाई शिकवायला." आणि डब्यातली शेंगदाण्याची चटणी माझ्या हातावर ठेवली. मी त्यांना माफ केलं नाही. चटणी खाल्ली, चांगली होती. आजही तो प्रसंग आठवला की कान तापतात, आणि आजही मी कुणाला प्रश्न विचारताना आधी थांबते.

आमच्या टॅबवर पहिलाच प्रश्न असायचा: संमती मिळाली का? 'हो' दाबलं की पुढचं पान उघडायचं. 'नाही' दाबलं की मुलाखत बंद आणि पुण्याच्या पडद्यावर ते घर लाल. म्हणजे यंत्रालाच नकार नको होता. कामाला लागल्यावर थोड्याच दिवसांत मुलं काय करायची? दारात उभं राहतानाच 'हो' दाबून ठेवायची. मग तोंडानं सगळा मजकूर एका दमात म्हणायचा, आरतीची शेवटची कडवी उरकतात तसा, आणि पहिला प्रश्न सुरू. हे बाईंच्या नजरेला पडलं की त्या टॅबच हिसकावून घ्यायच्या आणि त्या माणसाकडे वळून म्हणायच्या, "मामा, ह्यानं आत्ता काय सांगितलं ते तुमी मला सांगा बरं." मामांना अर्थातच सांगता यायचं नाही. मग बाई स्वतः ओट्यावर बसायच्या. आपण कोण, कुठून आलो, काय विचारणार, ते कुठं जाणार, तुम्हाला त्याचा काडीचाही फायदा नाही, आणि नाही म्हणालात तर तुमचं रेशन, घरकुल, काहीही बंद होणार नाही. हे शेवटचं त्या दोनदा सांगायच्या, कारण लोकांचा त्यावर विश्वास बसत नसे.

चहाचा त्यांचा कायदा तर जगावेगळा होता. संमतीआधी चहा घ्यायचा नाही. "एकदा चहा पाजला की आपण पाव्हणे. पाव्हण्याला तोंडावर न्हाई कोण म्हणतं?" नकार मिळाला, की मात्र बाई खुशाल चहा प्यायच्या. नांदूरघाटच्या पलीकडे एका वस्तीवर एका म्हातारीनं आमचं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "न्हाई सांगत जा. मागल्या साली आलतात, त्येच्या आधल्या सालीबी आलतात. माझ्या दातापासून संडासापर्यंत समदं लिवून न्हेलं. काय झालं त्येचं?" बाईंचा चेहरा असा खुलला की मला वाटलं आता म्हातारीची दृष्ट काढतात. "बरोबर हाय मावशी तुमचं. काय झालं ते आमाला बी कुणी सांगत न्हाई. च्या करता का?" त्या दिवशी तिथं आम्ही तासभर बसलो. पुण्याच्या पडद्यावर ते घर लाल.

पडदा बघायचे निखिल सर. ते प्रकल्पाचे प्रमुख. वयानं बाईंपेक्षा बरेच लहान, अत्यंत सभ्य. सगळ्यांचे वाढदिवस लक्षात ठेवायचे, ड्रायव्हरलाही 'तुम्ही' म्हणायचे, आवाज कधी चढवायचे नाहीत. अशा माणसावर चिडायचं तरी कसं, हा माझा तेव्हाचा प्रश्न होता. आता तो प्रश्न उरलेला नाही. ते फोन करून म्हणायचे, "बाई, तुमच्या टीममध्ये नकार फार येतायत हो." बाई म्हणायच्या, "इतर टीममध्ये नकार का येत नाहीत, याची चौकशी आपण केली आहे का?" शुद्ध मराठी. आम्ही बाहेरच्या खोलीत.

एवढा कशाचा राग, असं मी एकदा विचारलं होतं. एसटीत होतो, गाडी बंद पडलेली. बाईंनी सहज सांगावं तसं सांगितलं. त्या शिकत होत्या तेव्हा कॉलेजच्या लायब्ररीत एक जाडजूड पुस्तक हाती लागलं, गावांच्या पाहणीचं. चाळता चाळता मध्येच त्यांचे वडील. घरासमोर उभे, अंगात फाटका बनियन, आणि खाली छापलेलं: दारिद्र्याचे प्रातिनिधिक चित्र. बाई लहान होत्या तेव्हा कॅमेरेवाले त्यांच्या वस्तीत आले होते, ते त्यांना आठवत होतं. वडील म्हणाले होते, "थांबा साहेब, सदरा घालून येतो." चांगला सदरा होता त्यांच्याकडे, जयंतीला गाणी म्हणायला जाताना घालायचे तो. साहेब म्हणाले, "नको नको, असंच बरं आहे." वडील तसेच उभे राहिले, कारण साहेब दुरून आले होते. बाईंनी ते पुस्तक घरी नेलं, हरवलं म्हणून दंड भरला आणि परत दिलं नाही. "चोरीच हाय ती," म्हणाल्या. "पर पैली कुणी केली?"

हे सगळं सांगितलं ते पुढचं कळावं म्हणून.

गेल्या हंगामाआधी संस्थेकडे नवा अभ्यास आला: ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांचं आरोग्य. विषय चांगला, कुणीतरी करायलाच हवा असा. प्रश्न नाजूक. पाळी, बाळंतपणं, गर्भपात, ऑपरेशनं, घरातली मारझोड. बाईची मुलाखत एकटीची घ्यायची आणि आवाज रेकॉर्ड करायचा. दिवाळीनंतर टोळ्या निघणार, म्हणून घाई. बाई आणि मी परळीकडची गावं करत होतो. केजकडचं एक मोठं गाव दुसऱ्या टीमनं उरकलं. त्यांनी जे केलं ते दुसरं कुणी केलं नसतं, हे मी मुद्दाम लिहिते.

आमच्याकडे नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादम उचल, म्हणजे आगाऊ पैसे, देतो ती कोयत्याला, हिशेब कोयत्याचा, टोळीत किती कोयते ते मोजायचं. बाई एकटी अर्धा कोयता. हे आमच्या इतकं अंगवळणी पडलंय की त्यात काही विचित्र आहे हे कानालाच जाणवत नाही. घरांची यादी करणारी दोन पोरं आमच्याच भागातली, त्यांचे चुलते-मामे तोडीला जाणारे. मुकादमानं आपल्या अंगणात सगळ्या गड्यांना बोलावलं. पोरांनी मजकूर वाचला आणि एका कोयत्याला एक सही घेतली. नवऱ्याची. टॅबवर बाईच्या संमतीचं वेगळं पान होतं, तिथंही नवऱ्याचंच बोट टेकवलं. वर एक छापील प्रत नवऱ्याच्या हातात दिली. पुण्याची पोरं असती तर त्यांनी दोन माणसं मोजली असती. आमच्या पोरांनी एक कोयता मोजला. त्यांच्या मनात काही पाप नव्हतं, आणि म्हणूनच मला जास्त संताप येतो. मागून मुलाखत घेणाऱ्या मुली आल्या. त्यांना वाटलं, संमती झालेलीच आहे. "घाबरू नका, कुणाला कळणार नाही," असं म्हणून त्यांनी सुरुवात केली. बायका बोलल्या. आयुष्यात पहिल्यांदा कुणी दार लावून विचारत होतं, तर बोलणारच.

एका टीमच्या कामाची फेरतपासणी दुसऱ्या टीमच्या सुपरवायझरनं करायची असते. काही घरी पुन्हा जाऊन मुलाखत खरंच झाली का ते बघायचं. त्यासाठी बाई आणि मी त्या गावात गेलो. संगीता नावाची बाई, पंचविशीची असेल, दोन मुली. ट्रंकेत भांडी भरत होती, टोळी चार दिवसांत निघणार होती. बाईंनी आत येऊ का विचारलं, बसू का विचारलं. संगीतानं दार लोटून घेतलं आणि आम्ही काही विचारायच्या आधी तीच म्हणाली, "बाई, त्या पोरीनं माझा आवाज भरून न्हेला, त्यो कुटं वाजिवणार हायत?"

"कुटंच न्हाई. कावून गं?"

"पोरींचे पप्पा म्हंत्यात, पुण्यावून त्यांच्या फोनवर येणार हाय."

बाईंनी हातातली पेन्सिल खाली ठेवली. संगीता हळू आवाजात सांगत गेली. नवरा, बाळू, त्या कागदाची घडी खिशात घालून हिंडत होता. कागदावर लिहिलं होतं: सहभागी व्यक्तीला स्वतःची माहिती पाहण्याचा, ऐकण्याचा हक्क आहे. खाली पुण्याचा फोन नंबर. बाळूनं फोन लावला. सही माझी आहे, मला काय भरलंय ते ऐकायचंय. पुण्याहून एक मुलगी गोड आवाजात म्हणाली, नक्की सर, आठवड्याभरात पाठवू.

"तू काय बोललीस त्यात?" बाईंनी विचारलं, आणि लगेच, "न्हाई सांगायचं तर न्हाई सांगू."

संगीतानं सांगितलं. सासरी सगळ्यांना मुलगा हवा. दोन्ही बाळंतपणांच्या वेळी ती पोट घेऊन उसाच्या मोळ्या वाहत होती. धाकटीला डोस द्यायला सरकारी दवाखान्यात नेलं तेव्हा ती पुन्हा दिवस जाऊ नयेत म्हणून कुणाला न सांगता तांबी बसवून आली. नवऱ्याला माहीत नाही. सासू नातवासाठी देवऋषी करतेय. "त्या पोरीला मी म्हनले, हे मी कुनालाच बोलले न्हाई. ती म्हनली, बोला, कुनाला कळत न्हाई. बाई, हे त्यांनी ऐकलं तर मला जित्ती ठिवणार न्हाईत. पोरींना घिऊन कुटं जाऊ मी?"

"मी काय करू ते सांग. तू म्हणशील तसं."

"पुसा. माझ्यासमोर पुसा."

बाहेर आल्यावर बाई शाळेच्या भिंतीपाशी गेल्या, तिथं रेंज यायची, आणि त्यांनी निखिल सरांना फोन लावला. फोन त्यांनी स्पीकरवर ठेवला, मी साक्षीदार हवी म्हणून. निखिल सरांना हेही सांगितलं की स्पीकरवर आहे.

"बाई, मी समजू शकतो," निखिल सर म्हणाले. "पण सहभागी म्हणून सही त्यांची आहे ना? मग नियमानं त्यांना नाही कसं म्हणणार?"

"सहभागी ती बाई आहे. तिची सही आपण घेतलेलीच नाही. ही संमती नाही. या गावातली एकही संमती ही संमती नाही. आपण हे लेखी कळवावे आणि सर्व मुलाखती नष्ट कराव्यात."

"असं केलं तर आख्खं गाव बाद होईल. नैतिकता समितीला सांगावं लागेल, अभ्यास थांबेल. शेवटी हे त्या बायकांच्याच भल्यासाठी चाललंय ना? मी असं करतो, ते रेकॉर्डिंग पाठवणं दोन दिवस थांबवतो. तोवर तुम्ही बायकांच्या सह्या आत्ता घेऊन टाका. मागची तारीख घालू."

"आपण मला खोटी तारीख घालायला सांगत आहात का?"

"बाई, तुम्ही फार भावनिक होताय."

बाईंनी फोन बंद केला आणि छत्री भिंतीवर इतक्या जोरात आपटली की तिची काडी मोडली. शाळेतली पोरं खिडकीत गोळा झाली.

एकट्या संगीताचं पुसून चालणार नव्हतं, हे बाईंच्या लगेच लक्षात आलं. एकीचंच गेलं तर बाळू विचारणार, हिच्यातच लपवण्यासारखं काय होतं? म्हणून दुसऱ्या दिवशी बाई गावातल्या प्रत्येक बाईकडे गेल्या. नदीवर, चक्कीवर, जिथं सापडेल तिथं, एकटीला गाठून. तुझी मुलाखत घेतली ती तुला न विचारता घेतली, चूक आमची आहे, ठेवू का पुसू? सुपरवायझरला मुलाखत बाद करायची सोय टॅबवर असते. मी माझ्या फोनवरून नेट देत होते. बाई त्या बाईसमोर तिची मुलाखत बाद करायच्या, लाल अक्षरं दाखवायच्या. बहुतेकींनी पुसा म्हटलं. काहींनी तर "आमचंबी पुसता येतंय व्हय?" असं आश्चर्यानं विचारलं. संगीता टॅबकडे बघत राहिली. "गेलं?" तिनं विचारलं. "गेलं," बाई म्हणाल्या.

द्वारकाबाई नावाची एक वयस्कर बाई मात्र अडून बसली. "माझं ऱ्हाऊ द्या."

"नीट इचार करा. तुमी काय बोललात ते बाहीर गेलं तर?"

"जाऊ द्या की. माझी पिशवी काढली तवा मला कुनी इचारलं न्हवतं. मी बोलले ते खरं हाय. लोकास्नी कळू द्या."

"तरी पर..."

"अवो, मला इचारायला आलात आन् मीच सांगतेय तर तुमालाच ऐकू यीना!"

बाई हसल्या. मग त्यांनी द्वारकाबाईला सगळा मजकूर पहिल्यापासून वाचून दाखवला आणि तिचा स्वतःचा अंगठा घेतला. मी बाईंना एवढं खूश क्वचित पाहिलं.

टोळी निघायच्या आदल्या दिवशी बाळू एसटीनं बीडला आला आणि जिना चढून थेट आमच्या ऑफिसात. प्लास्टिकच्या पिशवीत तो कागद. माणूस उद्धट नव्हता. "मॅडम, माजी सही हाय. मला ऐकायचंय."

"ऐका की. तुमचा हक्क हाय," बाई म्हणाल्या, आणि त्यांनी त्याला बसवून त्याचं स्वतःचं रेकॉर्डिंग लावलं, यादी करणाऱ्या पोरांनी भरलेलं, घराच्या माहितीचं. घर पत्र्याचं का स्लॅबचं, शेळ्या किती, मोटारसायकल आहे का. बाळू गंभीरपणे स्वतःचा आवाज ऐकत राहिला. संपल्यावर म्हणाला, "आन् तिचं?"

"तिचं तिला."

"तिचं आन् माजं येगळं हाय का? एक कोयता हाय आमचा."

"कोयता मुकादमाकडं. हितं दोन माणसं हायत."

"पुन्याच्या मॅडमनी कबूल केलतं."

"त्यांची चूक झाली. आन् तसंबी गावातल्या बहुतेक बायकांचं बाद केलंय आमी. आमचंच चुकलतं. तुमच्या शेजारी इचारा." बाळूनं कागदाची घडी घातली आणि गेला. त्यानं गावात विचारलं असणार. दुसऱ्या दिवशी टोळी गेली आणि संगीता ट्रकमध्ये वर पोरींना घेऊन बसली होती, असं आम्हाला कळलं.

त्यानंतर पंधरवड्यात बाईंचा स्वभाव संस्थेच्या लक्षात आला.

मी नोकरीत होते. संक्रांतीच्या सुमारास पुण्याला सगळ्या टीमची बैठक झाली. निखिल सरांनी हसून सांगितलं, एक चांगली बातमी आहे. केजकडच्या गावाचा बाद झालेला सगळा डेटा सर्व्हरच्या दुसऱ्या प्रतीतून परत मिळाला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी विचारलं, ज्या बायकांनी पुसा म्हणून सांगितलं त्यांचं काय? सर म्हणाले, "नावं कुठंच येणार नाहीत." मग पडद्यावर अहवालातली काही वाक्यं दाखवली, बायकांच्या तोंडची. गावाचं नाव होतं, वय होतं, दोन मुली होत्या, डोस द्यायला नेलेली धाकटी होती, तांबी होती. नाव तेवढं नव्हतं. अहवालाचं प्रकाशन बीडलाच करायचं ठरलं होतं, पत्रकारांना बोलावून. मी तिथं काय काय बोलले ते लिहीत नाही. बाहेर येऊन बाईंना फोन केला.

दोन दिवसांनी मी बीडच्या स्टँडवर त्यांना गाठलं. नैतिकता समितीकडे त्यांनी तक्रार केली होती, 'विचाराधीन' असं उत्तर आलं होतं. आता त्या सांगलीकडच्या गाडीची वाट बघत होत्या. संगीताची टोळी कुठल्या कारखान्यावर आहे, कुठल्या फडात आहे, याचा पत्ता त्यांनी काढला होता.

मी म्हटलं, "बाई, कशाला जाताय? प्रकाशन थांबवायचं बघू आपण. तिला तिकडं काही कळणार पण नाही. उगाच तिच्या जिवाला घोर."

"तिला कळणार न्हाई, याच्यावरच तर समदं चाललंय ह्यांचं!" बाई एवढ्या जोरात ओरडल्या की फलाटावरची माणसं वळून बघायला लागली. "आन् तू बी तेच म्हण आता! मी तिच्यासमोर गेलं म्हणून सांगितलंय. ते गेलेलं न्हाई. थांबवायचं ते थांबवूच. पर त्याच्या आधी तिला म्हाईत पायजे. मग ती ठरवंल. नवऱ्याला आपणच आधी सांगायचं, का पोरी घिऊन माझ्या घरी यायचं, का तक्रारीवर सही करायची, का मला शिव्या घालायच्या."

"आणि शिव्या घातल्या तर?"

"ऐकून घीन. पर शिव्या घालायला तरी तिला कळायला पायजे का न्हाई?"

गाडी लागली. गर्दीतून वाट काढत त्या चढल्या, कोपरांनी, कुणालाही काहीही न विचारता. खिडकीपाशी त्यांना जागा मिळाली. काच अडकली होती आणि त्या दोन्ही हातांनी ती ओढत होत्या, चेहरा लालबुंद, ओठ हलत होते, मला आतलं काही ऐकू येत नव्हतं. मला इतका राग आला होता, कुणाचा म्हणून सांगू, की हात करायचंसुद्धा राहून गेलं. गाडी स्टँडच्या फाटकातून बाहेर पडली तेव्हाही बाई त्या काचेशी झगडतच होत्या.